निकालाच्या सकाळी टेकडीवर

नमस्कार, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतो, म्हणजे सकाळ मोकळी. मोबाइल घेऊन घरात येरझाऱ्या घालू नका. गावच्या टेकडीवर श्रमदान चालू असेल तर तिकडे जा. मे महिन्याचं ऊन आहे, सहाला सुरू करा, नऊला थांबा.

काम बहुतेक सलग समतल चरांचं असतं, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला उतारावर आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर. टिकाव मारायला माणसं मिळतात, आखणी करणारं कोणी नसतं. ती तुम्ही घ्या. सहा-सहा फुटांच्या दोन काठ्या वर बांधायच्या, मधे आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड. झाली ए-फ्रेम. ती उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे रेघ मारा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर फ्रेम ठेवा, पुन्हा रेघ मारा. दोन रेघांचा मध्य ही तुमची समपातळी: दोरी तिथे टेकली की दोन्ही पाय एकाच पातळीत. पुन्हा सांगतो, दोन रेघांचा मध्य. हे न करता आखलं की चराला उतार राहतो. मग पाणी एका टोकाला धावतं, भराव फोडतं आणि तिथून ओघळ पडते. चर 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल. माती उताराच्या खालच्या अंगाला टाका, पण काठापासून फूटभर सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. असा दहा मीटर चर एका भरतीला 1,800 लिटर पाणी अडवतो.

आता निकाल. दोनच गोष्टी लागतात, सीट नंबर आणि आईचं नाव. ऐका, आईचं नाव हॉल तिकिटावर छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगनं.

का, ते सांगतो. एका गावात दहावीची एक मुलगी अशीच आखणीवर होती आणि तिची आई खाली घमेली उचलत होती. दुपारी सगळे देवळाच्या ओट्यावर जमले, कारण गावात रेंज तिथेच. मुलीनं सीट नंबर टाकला, आईचं नाव टाकलं. माहिती सापडली नाही! कोणी म्हणालं, साइटवर गर्दी असेल. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. हॉल तिकीट घरी राहिलेलं, पण सीट नंबर तर तिला तोंडपाठ. तेवढ्यात शेजारच्या मुलाचा निकाल त्याच मोबाइलवर उघडला. म्हणजे साइट चालू, रेंजही चालू. एक काका म्हणाले, "नापासांचं असंच येतं." मुलगी रडकुंडीला आली. (काकांचं ऐकू नका. नापास झालं तरी विषयवार गुण दिसतातच.)

आईनं मातीचे हात पदराला पुसले. "कुठलं नाव टाकलंस?"

"तुझंच की गं."

"अगं, तुला शाळेत आजोळी घातलं होतं. मामानं माझं माहेरचं नाव लिहिलंय."

माहेरचं नाव टाकलं आणि निकाल उघडला. 71.40 टक्के! काकांनीच पहिल्यांदा पेढे मागितले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची हौस आता पुरे, हे माझं जुनं मत आहे. आधारला, बँकेत, सातबाऱ्यावर, जिथे तिथे ते नाव आडवं येतं. असो.

त्या मुलीला गणितात मात्र 38 होते, आणि तिला जास्त अपेक्षा होती. अशा वेळी काय करायचं? गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर पाहतात. लिहिलेलं उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज गेला पाहिजे. त्याआधी ती गणिताच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. कुठल्या पायरीचे गुण राहिलेत ते त्यांना लगेच कळतं, आणि काही राहिलेलंच नसेल तर अर्जाची फी वाचते.