रात्रीही ठणकणारी कंबर ही लावणीची कंबर नव्हे

नमस्कार मंडळी. लावणीच्या दिवसांत आपल्या कोकणात कंबर कुणाची दुखत नाही? दिवसभर चिखलात वाकून तरवा लावायचा आणि संध्याकाळी तेल चोळून पडायचं. पण ते दुखणं आडवं झालं की उतरतं. मी ज्याबद्दल बोलतोय ते उतरत नाही. रात्री जास्त ठणकतं, कूस बदलताना जीव जातो. सोबत बारीक ताप, जेवण जात नाही, कपडे सैल व्हायला लागलेत. असं असेल तर मणक्यात जंतू शिरलेले असू शकतात.

ते शिरतात बहुतेक वेळा रक्तातून. कुठे गळू झालेलं असतं, पायाची जखम चिघळलेली असते, लघवीत संसर्ग असतो. मधुमेह किंवा डायलिसिस असेल तर धोका आणखी. नेहमी सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. आणि आपल्याकडे टीबी विसरून चालतच नाही. मणक्याच्या टीबीत खोकला असेलच असं नाही, म्हणून घरच्यांना तो सुचतही नाही.

‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्याची मला भीती वाटते. सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेत काही दिसत नाही. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा, आणि संशय असेल तर एमआरआय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जंतू आहे एवढं कळून भागत नाही, कोणता ते कळायला हवं. त्यासाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायचा, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. ताप आला म्हणून मेडिकलमधून चार गोळ्या आणून घेतल्या, की कल्चरमध्ये जंतू बऱ्याचदा उगवतच नाही. मग सीटी स्कॅनवर बघत सुईने मणक्यातला तुकडा काढावा लागतो. तो कल्चरला जातो, टीबीचा जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीलाही. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र रक्त घेऊन औषध लगेच सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

साध्या जंतूंना साधारण ६ आठवडे अँटिबायोटिक, सुरुवातीला बहुधा शिरेतून. टीबीला किमान १२ महिने, काहींना १८. म्हणजे या लावणीला सुरू झालेल्या गोळ्या पुढच्या लावणीपर्यंत. गणपतीत बरं वाटलं म्हणून सोडू नका, कळकळीने सांगतो. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. पण पायातली ताकद गेली, मुंग्या वर चढू लागल्या, लघवी अडली, तर पू मज्जारज्जूवर दाबतोय असं समजा. तेव्हा सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच १०८ला फोन लावा.