कोयता म्हणजे किती माणसं?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरत आली की आपल्या बीड, केज, धारूरकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसायला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला विचारा, "का चाललास बाबा?" तो म्हणेल, पाऊस हुकला, देणं झालंय, मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलीय. खरंच आहे त्याचं. पण तांड्यामागून तांडा निघतो, दरसाल निघतो, तेव्हा ते एकट्याचं नशीब कसं म्हणायचं? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली हेच सांगितलं. माणसाची खाजगी अडचण आणि समाजाचा प्रश्न यांचा धागा जुळवता येणं, ही समाजशास्त्राची नजर.

आता हा धागा शोधायचा कसा? सोपा मार्ग प्रश्नावलीचा. "तुम्ही काम काय करता?" असं विचारलं की कापूस वेचून बोटं चिरलेली बाई सांगते, "काही नाही, घरीच असते." फॉर्मवर 'गृहिणी' पडतं. खोटं कुणीच बोललेलं नसतं. तिच्या लेखी काम म्हणजे पगाराची नोकरी, आणि विचारणाऱ्यानेही तेच धरलेलं. त्याऐवजी "काल पहाटेपासून काय काय केलं?" असं विचारून बघा. पाणी, सरपण, शेण, भाकरी, वेचणी... लिहिणाऱ्याचं पान पुरत नाही.

काही गोष्टी मात्र विचारून कळतच नाहीत, तिथं जाऊन राहावं लागतं. आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. लिहिताना त्यांनी त्याला रामपुरा म्हटलं. पुढे १९७० साली अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांची टिपणं जळाली. तरी त्यांनी मुख्यतः आठवणींवर गाव उभं केलं, १९७६ मध्ये पुस्तक आलं. असं लोकांत राहून बघण्याला सहभागी निरीक्षण म्हणतात. नाव जड आहे, काम त्याहून जड.

असंच कुणी ऊसतोड मजुरांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, चार दिवस राहिलं तर? अंधारात चूल कोण पेटवतं, मोळी कोण बांधतं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कोण चढतं, हे दिसेल. व्यवहारात नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजला जातो, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. मुकादमाला विचारा, तो म्हणेल, "धा कोयते हायेत." उसाच्या फडात जाऊन मोजा. वीस माणसं भरतील.