संघनायिका : महाराष्ट्रातल्या स्काऊट-गाईडची गोष्ट

(दृश्य : शाळेचं मैदान, सकाळचं ऊन. बांबूंचा ढीग, सुतळीची बंडलं, आठ मुली.)

या आठ जणींना दुपारच्या जेवणाआधी आपल्या तंबूसमोर एक गेट उभं करायचंय. खिळा नाही, हातोडा नाही, तारसुद्धा नाही, फक्त बांबू, दोरी आणि वर्षभर शिकलेल्या गाठी. गाईडर मॅडम, म्हणजे हे शिकवणाऱ्या शिक्षिका, तिथंच बाजूला उभ्या आहेत पण त्या हात लावणार नाहीत आणि बोलणारही नाहीत, कारण हे काम संघनायिकेचं, म्हणजे या आठ जणींतल्याच नायिकेचं आहे आणि ती आत्ता आठवीत आहे.

पहिलं लॅशिंग, म्हणजे दोन बांबू जोडणारी दोरीची बांधणी, सैल बसलंय. उभा बांबू आडव्यावरून सरकतोय, सगळ्यांना दिसतंय, पण आता सोडून परत बांधायचं म्हणजे अर्धा तास गेला. दोघी म्हणतायत राहू दे, चालतंय. संघनायिका एकदा गेट हलवून बघते, मग सरळ खाली बसते आणि गाठ सोडायला लागते. कुणाला काही समजावत बसत नाही. थोड्या वेळाने त्या दोघीही येऊन दोरी ताणून धरतात.

(दृश्य : हातांचा क्लोजअप, दोरीचे वेढे.)

स्काऊट गाईड (मुलगे ते स्काऊट, मुली त्या गाईड) म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना 26 जानेवारीची परेड आठवते, गळ्यात स्कार्फ, तीन बोटांचा सॅल्यूट, पाहुण्यांच्या दुतर्फा उभी मुलं. ते सगळं आहेच, छानच दिसतं ते. पण ही चळवळ खरी चालते ती या सहा-आठ जणांच्या टोळीत. तिला संघ म्हणतात. प्रत्येक संघाला नाव असतं, मुलांच्या संघाला प्राण्यापक्ष्याचं, मुलींच्या संघाला बहुतेकदा फुलाचं, आणि प्रत्येक संघाचा नायक हा त्यांच्यातलाच एक मुलगा किंवा मुलगी. शिक्षक नाही. या संघनायकांची मग एक सभा असते, कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात तिला, तिथं सहल कुठे न्यायची, शिबिरात कुणाकडे काय काम द्यायचं, एखादा सारखा उशिरा येतोय त्याचं काय करायचं, हे सगळं मुलं ठरवतात आणि स्काऊट मास्तर फक्त सल्ला द्यायला बसलेले असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याकडे इतकं कोण विचारतं सांगा बरं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

मूळ कल्पना बेडन पॉवेल यांची, सगळे त्यांना बीपी म्हणतात. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी. 1899-1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगला 217 दिवस वेढा पडला होता, तेव्हा गावातल्या पोरांनी निरोप पोचवण्यासारखी कामं फार जबाबदारीने केली आणि ते बीपींच्या डोक्यात राहिलं. मग 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउन्सी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, त्यात श्रीमंत शाळांतली पोरं होती आणि कामगारांच्या घरातलीही, आणि त्या सगळ्यांना मिसळून त्यांनी संघ पाडले. म्हणजे संघ ही गोष्ट नंतर जोडलेली नाही, पहिल्याच दिवसापासून आहे.

भारतात हे 1909 मध्ये आलं, बंगळुरूला, कॅप्टन बेकर यांनी पहिलं पथक काढलं. पथक म्हणजे काही संघ मिळून होणारी तुकडी. पुढच्या एक-दोन वर्षांत खडकीला आणि लोणावळ्यालाही पथकं निघाली. पण त्यात प्रवेश फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना. खडकीत मैदानावर स्काऊटिंग चाललंय आणि खडकीतल्याच मराठी पोराला तिथं जागा नाही, अशी ती परिस्थिती होती आणि हे आपण विसरू नये असं मला वाटतं, कारण आज जे संघटन आहे ते इंग्रजांनी आयतं हातात दिलेलं नाही. 1916 मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काऊटिंग उभं केलं. नागपूरचे व्हिव्हियन बोस, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तेही यात मनापासून होते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात एकाच कामाच्या वेगवेगळ्या संघटना होत्या, आणि शिक्षणमंत्री मौलाना आझाद, राज्यपाल मंगलदास पक्वासा अशा लोकांनी मध्ये पडून त्यांना एकत्र बसवलं. 7 नोव्हेंबर 1950 ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली, 15 ऑगस्ट 1951 ला गर्ल गाईड्सही त्यात आल्या. म्हणून 7 नोव्हेंबरला ध्वजदिनाचं स्टिकर शाळेत येतं.

(दृश्य : दादर, शिवाजी पार्क, स्काऊट हॉल. मग भोरकडे जाणारा रस्ता.)

शिवाजी पार्कचा स्काऊट हॉल मुंबईकरांना माहिती असतो, पुष्कळांना तो लग्नामुळे माहिती असतो, पण महाराष्ट्र राज्य भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेचं ते ठिकाण. प्रशिक्षण केंद्र आहे भोरला, रामबागेत. जिल्ह्याजिल्ह्यात संघटक असतात, एक स्काऊटचे एक गाईडच्या, आणि शाळेत असतो तो एक सर किंवा एक मॅडम. सगळा डोलारा शेवटी त्या एका माणसावर असतो, त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

(दृश्य : प्राथमिक शाळा, गोल करून बसलेली लहान मुलं.)

लहान मुलगे ते कब आणि लहान मुली त्या बुलबुल. पहिली ते चौथीची ही मंडळी, यांचं सगळं खेळ आणि गोष्टींमधून. मुलगे प्रथम चरण, द्वितीय चरण असे पुढे सरकतात, मुलींना पंख मिळतात, कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख. पाचवीपासून स्काऊट आणि गाईड, आणि कॉलेजला गेलं की रोव्हर आणि रेंजर, पंचवीस वर्षांपर्यंत.

मधला टप्पा सगळ्यात मोठा. प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रवेशाला वचन आणि नियम. नियम नऊ आहेत, विश्वसनीय असणं, सगळ्यांचा मित्र असणं, प्राणिमात्रांवर आणि निसर्गावर प्रेम, काटकसर, आणि एक आपल्या देशात फार लागतो तो म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण. त्यानंतर दररोज एक सत्कृत्य. जुने स्काऊटर एक युक्ती सांगतात, सकाळी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची आणि दिवसभरात कुणाचं तरी काम केलं की ती सोडायची. काम छोटं असलं तरी चालतं, पण कुणी सांगून केलेलं नको.

पुढे मग गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाईन ही नावं कोल्हापूरच्या पोराच्या तोंडी जशीच्या तशी असतात आणि गडचिरोलीच्याही. बोलाईनचा फास आवळत नाही म्हणून माणसाला वर ओढायला तो वापरायचा, हे ज्याने हाताने बांधून बघितलंय तो सहसा विसरत नाही.

(दृश्य : माळरान, वाटेवर दगडांचे बाण, मुलांची रांग.)

आणि हाईक. पुढे गेलेला संघ वाटेत खुणा ठेवतो, दगडांचा बाण, गवताची गाठ, काटक्यांची फुली म्हणजे इकडून जाऊ नका, मागच्या संघाने त्या वाचत यायचं. शेवटची खूण म्हणजे एक वर्तुळ आणि त्यात मधोमध ठिपका, अर्थ मी घरी गेलो. केनियात न्येरी इथं बीपींची समाधी आहे, तिच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. आठ-दहा किलोमीटर चालून आल्यावर ती खूण जमिनीवर दिसली की मुलांना काय आनंद होतो तो बघण्यासारखा असतो!

(दृश्य : शाळेचं पटांगण, बाकांवर मांडलेले स्टॉल, गर्दी.)

हा दिवस शाळेत सगळ्यांचा आवडता. खरी कमाई. भेळ, इडली, ताक, लिंबू सरबत, कुणी घरून मोदक करून आणलेत, कुणी पणत्या रंगवून आणल्यात, एक संघ सायकली धुऊन देतोय. आई बाबा गिऱ्हाईक होऊन आलेत. नियम एवढाच की भांडवल किती लागलं, विक्री किती झाली, नफा किती उरला हे संघाने वहीत लिहायचं आणि तो पैसा कुठं वापरायचा ते मिळून ठरवायचं. इथं मला थोडं थांबून बोलायचंय, कारण काही ठिकाणी खरी कमाईचा नुसता फूड फेस्टिव्हल झालाय. पदार्थ आईने केलेला, हिशोब बाबांनी केलेला, मूल फक्त टोपी घालून उभं. तसं करू नका हो. कांदा पोरालाच चिरू द्या, डोळ्यांत पाणी येऊ द्या, पन्नास रुपयांचा तोटा झाला तर होऊ द्या, तो तोटा का झाला हे त्याने संघासमोर सांगितलं की पुढच्या वर्षीची खरेदी तो स्वतः नीट करतो. पहिल्या कमाईची दहाची नोट हातात घेऊन उभं राहिलेलं सहावीतलं मूल बघा एकदा, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

(दृश्य : पुणे, आळंदी रोड, संगमचं फाटक.)

पुण्यात आळंदी रोडला एक जागा आहे, तिच्याबद्दल पुण्यातल्याच लोकांना फार माहिती नसते. संगम. गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेची पाच जागतिक केंद्रं आहेत, स्वित्झर्लंड, लंडन, मेक्सिको, आफ्रिका आणि आपलं पुणे. बीपींच्या पत्नी लेडी ओलाव्ह बेडन पॉवेल यांनी 16 ऑक्टोबर 1966 ला याचं उद्घाटन केलं. जगभरातल्या मुली इथं येऊन राहतात, स्थानिक संस्थांसोबत काम करतात. आपल्या एखाद्या तालुक्यातल्या गाईडला मुद्दाम आणून हे दाखवलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण आपल्या गळ्यातला स्कार्फ आणि त्या परदेशी ताईच्या गळ्यातला स्कार्फ एकाच कुटुंबातला आहे हे तिला तिथं गेल्यावर दिसतं. आणि डावा हात पुढे करून हात मिळवला की भाषा येत नसली तरी ओळख पटते.

मुलींच्या बाबतीत अडचण असते ती मुक्कामाची. गाठी शिकायला घरचे नाही म्हणत नाहीत, रात्रीच्या शिबिराला म्हणतात. ज्या गाईडर मॅडम घरोघरी जाऊन आयांशी बोलतात, मी स्वतः तंबूत मुलींसोबत झोपणार आहे असं सांगतात, त्यांच्याच मुली शिबिराला येतात. याला दुसरा मार्ग नाही आणि हे काम कुठल्या अहवालात दिसत नाही.

(दृश्य : राष्ट्रीय जांबोरी, तंबूंची लांबच लांब रांग.)

जानेवारी 2023 मध्ये राजस्थानात पालीजवळ रोहट इथं अठरावी राष्ट्रीय जांबोरी झाली, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उद्घाटनाला होत्या. जांबोरी म्हणजे देशभरातली पथकं एका मैदानावर. आपापल्या राज्याचं गेट, आपापलं जेवण, संध्याकाळी शेकोटी आणि शेजारच्या तंबूत आसामची किंवा केरळची मुलं. बॅज आणि स्कार्फची अदलाबदल तर इतकी चालते की मुलं येताना दुसऱ्याच राज्याचा स्कार्फ घालून उतरतात.

(दृश्य : वर्ग, फळ्यावर हजेरी.)

आता त्या सरांकडे येऊ. दहावीला राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कारवाल्यांना सवलतीचे गुण मिळतात, रेल्वे भरतीतही स्काऊट गाईडसाठी कोटा आहे. हे चांगलंच आहे, गरीब घरातल्या मुलाला याचा खरा आधार होतो. पण त्यामुळे काही ठिकाणी चाचणी शिबिराच्या आधी महिनाभर लॉगबुक, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या नोंदीची वही, भरायची घाई आणि बाकी वर्षभर मैदान रिकामं, असंही होतं. यात सगळा दोष शिक्षकांना देणं बरोबर नाही. त्यांच्याकडे निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यातून स्काऊटचा तास. तरी ज्या शाळेत शनिवारी सकाळी न चुकता ध्वज लागतो, घोड्याच्या नालेच्या आकारात मुलं उभी राहतात, संघनायक हजेरी घेतो आणि संघाचा कोपरा ज्याचा त्याने आवरलेला असतो, त्या शाळेत पुरस्कार आपोआप येतात, लॉगबुकात लिहायला खरंच काहीतरी असतं. मुख्याध्यापकांनी त्या एका सरांना आठवड्याचा तो तास मोकळा दिला तरी निम्मं काम झालं.

तुमच्या शाळेत पथक नसेल तर सुरू करता येतं. एका शिक्षकाने किंवा शिक्षिकेने आठवडाभराचा बेसिक कोर्स करायचा, जिल्हा कार्यालयात पथकाची नोंदणी करायची, दरवर्षी ती चालू ठेवायची. पुढे ॲडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज, ज्यांच्या गळ्यात दोरीत ओवलेले लाकडी मणी दिसतात ते हा कोर्स केलेले. शाळेबाहेर वस्तीत, सोसायटीतही पथक निघू शकतं, त्याला ओपन ग्रुप म्हणतात, आणि तो चालवायला शिक्षकच असावं लागतं असं नाही. कॉलेजमधल्या मुलामुलींनी रोव्हर-रेंजरचं विचारा, लहानपणी स्काऊटमध्ये नव्हतात तरी येता येतं. आणि जे लहानपणी होते, ज्यांना अजूनही क्लोव्ह हिच डोळे मिटून बांधता येतो, त्यांनी आपल्या जुन्या शाळेत जाऊन एकदा चौकशी करा, शनिवारचा एक तास द्यायला कुणीतरी हवंच असतं.