घाट बंद होता म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

28 एप्रिल 1819. मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या शिकारीला आला होता. वाघ राहिला बाजूला, वाघूर नदीच्या वळणावरच्या कड्यात त्याला झाडोऱ्यातून एक कोरीव कमान दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ही खोड आपल्या लोकांनी त्याच्याकडून घेतली की ती आधीपासूनच होती, देव जाणे! पुस्तकं याला 'शोध' म्हणतात, मला ते पटत नाही. आसपासच्या लोकांना ती लेणी ठाऊक होतीच. पण निघाला वाघासाठी आणि पोचला लेण्यात, एवढं खरं.

अशा गोष्टी ऐकल्या की 'जे होतं ते भल्यासाठीच' असं म्हणणारे पुढे येतात. त्यांना मी भुसावळला न्यावं म्हणतो. तिथं रॉबर्ट गिलची कबर आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी त्याला 1844 साली नेमलं गेलं. लेण्यांमधल्या अंधारात, वर्षानुवर्षं, त्यानं मोठमोठी चित्रं रंगवली आणि ती लंडनला गेली. 1866 साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. गिल पुन्हा ब्रश घेऊन बसला आणि 1879 साली इथंच वारला. त्या आगीतून त्याचं काय भलं झालं ते मला कुणी सांगावं.

तेव्हा फसलेल्या बेताचं कौतुक मी बेतानंच करतो. तरीही एका श्रावणातली गोष्ट सांगतो.

मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा संभाजीनगरला होता. आम्ही दोन गाड्या करून जळगावहून पहाटे निघालो. मामा, मामी, आत्या, पोरंटोरं आणि मांडीवर बेसनाच्या लाडवांचे डबे. चाळीसगाव सोडलं आणि कन्नडच्या घाटाखाली ट्रकांची रांग लागली. वर दरड आली होती. तास गेला, दुसरा गेला. फोनवर तिकडची माणसं विचारायची, 'कुठवर आलात?' आणि आम्ही दर वेळी त्याच ट्रकचा नंबर सांगायचो. साखरपुड्याची वेळ टळली तेव्हा आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीची ओटी तीच भरणार होती.

मामा मात्र अहिराणीत म्हणाले, "आठे बशीसन काय करसूत? चाला पाटनादेवीले!"

मला वाटतं, योगायोगाला आपण फार मान देतो. योगायोगानं आमची फक्त गाडी अडवली. घाटाखाली अडकलेल्या शेकडो लोकांना तोच योगायोग मिळाला होता. आमच्याकडे मामा होते.

पाटणादेवी चाळीसगावपासून जवळच. तिन्ही बाजूंनी डोंगर, श्रावणात अंगावर येणारं हिरवंगार जंगल, मध्ये चंडिकेचं दगडी देऊळ. एवढ्या जवळ राहून आमच्यातले निम्मे तिथं पहिल्यांदाच आले होते. दर्शन झालं, झाडाखाली सतरंजी पडली आणि लाडवांचे डबे उघडले. ज्यांच्यासाठी केले ते घाटाच्या वर, खाणारे घाटाच्या खाली.

मामी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी घरातल्या कामांपलीकडे फारसं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्या सुटल्या. याच पाटणला जुन्या लेखांचे अभ्यासक भाऊ दाजी यांना एक शिलालेख मिळाला, शके 1128 चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि त्या मठाच्या खर्चासाठी पाटणच्या बाजारातला कर लावून दिल्याचं त्या शिलालेखात चक्क जुन्या मराठीत लिहिलंय. बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला! आमच्या जळगावच्या व्यापारी मामांना हे फार आवडलं. गणित शिकवायला बाजारानं पैसे द्यायचे, हा हिशोब त्यांना रास्त वाटला.

मग लीलावतीची गोष्ट निघाली. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या लग्नाला एकच मुहूर्त. तो साधायला पाण्यात घटिकापात्र सोडलेलं, म्हणजे तळाला भोक असलेली वाटी, ती भरून बुडाली की वेळ झाली. लीलावती वाकून बघते, अंगावरचा मोती निसटून पात्रात पडतो, भोक बुजतं, पात्र बुडत नाही आणि मुहूर्त टळतो. मग वडील तिच्या नावानं गणिताचा ग्रंथ लिहितात. "गोष्ट खरी धरू नका," मामी म्हणाल्या. "अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 साली लीलावतीचा फारसीत अनुवाद केला, त्यात ती येते. त्याआधी चारशे वर्षं कुणी बोललेलं नाही." पण मुहूर्त हुकलेली आत्या डोळे पुसून ऐकत होती, आणि "मंग त्या पोरीचं काय झालं?" असं तिनं दोनदा विचारलं.

पोरं कंटाळू नयेत म्हणून मामींनी त्यांना लीलावतीतलंच एक कोडं घातलं. बक्षीस, एक लाडू. घाट सुटल्याचा फोन आला तेव्हा ड्रायव्हर हाका मारत होता आणि पोरं मातीत काडीनं आकडे काढत होती, उठायला तयार नव्हती. ते कोडं तुम्हालाही सांगतो, कागद-पेन्सिल घ्या.

भुंग्यांचा एक थवा आहे. त्यातला पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग शिलिंध्राच्या फुलांकडे. या दोन भागांमधला जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडावर गेले. उरला एकच. तो बिचारा केवड्याच्या आणि मालतीच्या वासात ओढला जाऊन आकाशात इकडून तिकडे फिरतोय. तर थव्यात भुंगे किती?

उत्तर मी सांगत नाही. आमच्याकडे ते सर्वांत आधी आत्यानं काढलं, बोटांवर. लाडूही तिनंच खाल्ला.

नमस्कार.