अर्जाच्या आधीच ठरणारी शिष्यवृत्ती

पऱ्हाटी फुलावर येते त्या दिवसांत यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीतल्या तालुक्याच्या सेतू केंद्रांवर फायली घेतलेली मुलंमुली दिसतात. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, बी.एड. करून नववी-दहावीला इंग्रजी शिकवू पाहणारी. त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. पण ती मिळणार की नाही, हे बरेचदा रांगेत उभं राहण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

बी.एड.ची जागा सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेली असावी लागते. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला शुल्काची सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही. ‘आधी प्रवेश घ्या, स्कॉलरशिपचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबावं. घरचं सोयाबीन विकून भरलेली फी मग परत येत नाही. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल, तर ईएलसीटी ही भाषेची परीक्षाही सीईटीच्या अर्जातच निवडावी लागते.

पुढचं काम महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा 8 लाख.

फी सुटली तरी खोलीभाडं आणि मेस राहतेच, आणि गावची पोरं इथेच मोडतात. बी.एड. 2 वर्षांचं. त्यातला छात्रसेवाकाळ, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, 20 आठवड्यांचा: 4 पहिल्या वर्षी, 16 दुसऱ्या वर्षी. तिथे 90 टक्के हजेरी लागते, म्हणजे कापूस वेचणीला किंवा रोजंदारीला जाता येत नाही. सकाळी पाठ, रात्री टाचण. म्हणून निर्वाह भत्त्याचा अर्ज शुल्काच्या अर्जाइतकाच मोलाचा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून नागपुरात वर्षाला 60 हजार, अमरावतीसारख्या महसुली विभागाच्या शहरांत 51 हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यासाठी शेतकऱ्यांच्या मुलांना तहसीलचा अल्पभूधारक दाखला लागतो. सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर तो दाखला अडतो. फेरफाराचं काम उन्हाळ्यातच काढायला हवं.

आता अर्ज अडकतात कुठे? सगळ्यात जास्त बँकेत. पैसे पासबुकाची झेरॉक्स जोडलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जातात. मधल्या काळात कुणी गावात येऊन दुसरं खातं उघडून दिलेलं असतं आणि आधार तिकडे वळलेलं असतं. ते खातं वापरात नसेल, तर मंजूर रक्कमही अडून राहते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. ती अर्जाआधी पाहावी.

दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची. कॅफेवाला घाईत स्वतःचाच नंबर टाकतो. महाविद्यालयाने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला, की निरोप त्याच्याकडे जातो आणि मुदत निघून जाते. क्रमांक स्वतःचा हवा आणि पासवर्ड वहीत लिहिलेला. शिक्षणाच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, हा घोळही आधीच मिटवावा. मेळघाट आणि गडचिरोलीतल्या मुलांनी जात वैधता प्रमाणपत्रासाठी पदवीच्या वर्षातच अर्ज करावा. त्याला महिने लागतात.

दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका जोडून. नेमका तेव्हाच मोठा छात्रसेवाकाळ येतो आणि शाळा रेंज नसलेल्या गावात मिळू शकते. पोर्टल सुरू होताच अर्ज भरायचा, पावतीची प्रत महाविद्यालयाच्या लिपिकाकडे द्यायची, आणि मगच पाठाची फाइल घेऊन एसटीत बसायचं.