अँटीबॉडी निगेटिव्ह आल्या, म्हणजे लस वाया गेली काय?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडनं चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडनं एकाच साच्यातल्या कमेंट येतायत. "वडिलांची किमो चालू आहे, कोविडची लस दोनदा झाली, अँटीबॉडी तपासल्या तर निगेटिव्ह. आता काय करायचं?" आज त्या रिपोर्टच्या एका कागदावरच बोलू.

पाठ्यपुस्तकातलं एका दमात संपवतो. लस घेतली किंवा आजार झाला, की शरीर दोन कामं करतं. बी पेशी अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बनवतात. टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात. झालं, पुढं चला.

[नमुन्याचा रिपोर्ट कॅमेऱ्याजवळ]

हा कागद बघा. वर ठळक अक्षरात "कोविड अँटीबॉडी, टोटल". समोर ०.०९, निगेटिव्ह. निम्मी मंडळी इथंच कागद मिटतात आणि रडायला बसतात. मिटू नका. बोट खाली आणा, बारीक अक्षरात काय लिहिलंय? न्यूक्लिओकॅप्सिड. म्हणजे विषाणूच्या आतल्या भागाविरुद्धच्या अँटीबॉडी. कोविशील्डमध्ये तो भाग नाहीच, ती फक्त वरच्या काट्याची, स्पाइकची ओळख करून देते. त्यामुळं कोविशील्ड घेतलेल्या माणसाला आजार झालेला नसेल, तर ही टेस्ट तालमीतल्या पैलवानाचीही निगेटिव्हच येणार! कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा विषाणू मारून केलेली लस, तिच्यानंतर ही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा लॅबमध्ये नुसतं "अँटीबॉडी करा" म्हणू नका. "स्पाइक किंवा आरबीडी (स्पाइकचाच एक भाग), आकड्यासकट" असं सांगा. कुठली लस घेतली आठवत नसेल तर कोविनच्या सर्टिफिकेटवर नाव आहे.

आता आकडा. एक ताई लिहितात, "आईचा २५० आला, शेजारच्या मामींचा ३,०००. आईला कमी ताकद मिळाली काय?" अहो ताई, आईच्या रिपोर्टवर २५० च्या आधी "पेक्षा जास्त" ची खूण आहे का बघा की. रॉशच्या मशीनवर नमुना पातळ केला नाही तर ते २५० च्या पुढं मोजतच नाही. मामींचा रिपोर्ट ॲबटच्या मशीनचा असेल तर त्याचं एकक वेगळं, त्याला ०.१४२ नं गुणलं की जागतिक एककात ४२६ होतात. लिटर आणि शेराची तुलना करून घरात भांडणं लावताय तुम्ही.

बरं, टेस्ट बरोबर केली, स्पाइकचीच केली, तरी निगेटिव्ह आली. मग? तरीही लस वाया गेली असं त्या कागदावरनं म्हणता येत नाही, कारण टी पेशी त्या कागदावर नाहीतच. त्यांची तपासणी आपल्याकडच्या नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली कॅन्सरच्या ५८५ रुग्णांचा अभ्यास झाला. लसी होत्या फायझर आणि ॲस्ट्राझेनेका, म्हणजे आपल्या कोविशील्डचीच बहीण. दोन डोसनंतर घन गाठींच्या कॅन्सरमध्ये ८५ टक्के लोकांत अँटीबॉडी तयार झाल्या, रक्ताच्या कॅन्सरमध्ये ५९ टक्के लोकांत. टी पेशींचा प्रतिसाद मात्र साधारण ८० टक्के लोकांत मिळाला, आणि कॅन्सर कुठला यानं त्यात फारसा फरक पडला नाही. रक्ताचा कॅन्सर असताना कोविड झालेल्यांतही, ज्यांच्या मारेकरी टी पेशी जास्त होत्या, ते जास्त तगले.

इथं एक घोळ नेहमी होतो. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, हे घन गाठींचे कॅन्सर. लिम्फोमालाही, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरलाही, आपल्याकडं "गाठीचा" म्हणतात, पण तो मोजायचा रक्ताच्या कॅन्सरच्या घरात. त्यामुळं "गाठीचा आहे, मग लस चांगली लागली असणार" असं समजू नका.

आणि लिम्फोमा म्हटलं की रिटुक्सिमॅब या औषधाचं सलाईन आलं. खानापूरकरांना हे लगेच कळेल. बी पेशी म्हणजे रोपलावणीचा तरवा, आणि अँटीबॉडी सोडत बसणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशी म्हणजे कणगीत साठवलेलं भात. रिटुक्सिमॅब सीडी-२० ही खूण असलेल्या पेशी मारतं. ती खूण तरव्यावर आहे, कणगीवर नाही. म्हणून औषधाच्या आधी झालेल्या लसीच्या अँटीबॉडी काही काळ टिकतात, पण औषधानंतर दिलेल्या लसीला लावायला रोपच नसतं. नवा तरवा यायला औषधाच्या शेवटच्या डोसनंतर ६ ते १२ महिने लागतात.

त्यामुळं जमत असेल तर लस रिटुक्सिमॅब सुरू होण्याच्या ४ आठवडे आधी, निदान २ आठवडे आधी. नाहीतर औषधाच्या शेवटच्या डोसनंतर ६ महिन्यांनी. पण काही लिम्फोमात हेच सलाईन दर २ महिन्यांनी, २ वर्षं चालतं. तिथं ६ महिन्यांची फट मिळणारच नाही. मग थांबून राहू नका, टी पेशींसाठी घ्या, तारीख डॉक्टरांबरोबर ठरवा. आणि लसीसाठी कॅन्सरचं औषध परस्पर पुढं ढकलू नका, हे हात जोडून सांगतोय. दोन डोसला अँटीबॉडी न आलेल्या काहींना तिसऱ्याला येतात. म्हणूनच प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मुळातच तीन डोस द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं असेल तर कणगीही रिकामी धरायची, आणि किमान ३ महिन्यांनी लसीची पहिल्यापासनं सुरुवात.

आपल्या सीमाभागाचं दुखणं हे की किमो मिरजेला किंवा कोल्हापुरात, लस बेळगावात, ताप आला की गावातला दवाखाना. औषधाचं नाव कुणालाच माहीत नसतं. फाइलच्या पहिल्या पानावर पेनानं लिहा: औषधाचं नाव, शेवटच्या सलाईनची तारीख, कुठली लस, कुठल्या तारखेला, कुठल्या दंडात.

आता उलटी बाजू, तोच कागद. आकडा मोठा आला की काही जण नाचतात. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना कधी कधी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीचं, सलाईन देतात. ते हजारो दात्यांच्या रक्तातनं काढलेलं असतं, त्यात त्या लोकांच्या कोविडच्या अँटीबॉडी असतातच. सलाईननंतर लगेच टेस्ट केली तर तुम्ही दुसऱ्याचं भात आपल्या कणगीत मोजताय.

मग टेस्ट करायचीच नाही काय? उगाच नको. घरी बसून आकडा बघण्यापेक्षा एक खूण लक्षात ठेवा. बी पेशी नसलेल्या रुग्णाच्या शरीरात कोविडचा विषाणू आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने राहू शकतो. ताप जातो, परत येतो, खोकला हटत नाही. त्याला "हवा बदलली" म्हणून सोडू नका, परत आरटीपीसीआर करा. आणि पॅक्सलोव्हिड हे कोविडचं औषध परस्पर आणून देऊ नका. त्यातल्या रिटोनावीरमुळं इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स या रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांची रक्तातली पातळी धोकादायक वाढते.

दंडाचा प्रश्न बऱ्याच आक्कांनी विचारलाय. उजव्या स्तनाचं ऑपरेशन असेल तर लस डाव्या दंडात. लसीच्या बाजूच्या काखेत गाठी सुजतात आणि पेट स्कॅनवर त्या चमकतात. कॅन्सर पसरला म्हणून सगळं घर हादरतं, निघते लसीची सूज. स्कॅन थांबण्यासारखा असेल तर लसीनंतर ४ ते ६ आठवड्यांनी करा, नसेल तर तारीख आणि दंड स्कॅनवाल्यांना सांगा. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर मांडीत घेता येते. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, बारीक सुई मागा, नंतर २ मिनिटं दाबून धरा, चोळू नका.

शेवटचं, तापाचं. लसीचा ताप एक-दोन दिवसांत येतो आणि जातो. पण किमोनंतरच्या ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले असतात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर लसीचाच असेल म्हणून क्रोसिन देऊन झोपवू नका, क्रोसिननं आकडा दबतो, जंतू तसाच राहतो. थर्मामीटर लावा, आकडा आणि वेळ फाइलवर लिहा, आणि रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढा.