आधी वीजबिल काढा

मंडळी, कार्बनचा, म्हणजे आपल्यामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, विषय निघाला की लोक आधी कापडी पिशवी दाखवतात. पिशवी जरूर वापरा. प्लास्टिकनं गटारं तुंबतात, गायींच्या पोटात जातं. पण कार्बनपुरतं बोलायचं तर तिचा वाटा ग्रॅममध्ये, आणि घराचा वर्षाचा हिशेब किलो-टनांत. म्हणून आधी वीजबिल काढा, सिलिंडर किती लागले ते आठवा, पेट्रोलचा अंदाज घ्या.

आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. चंद्रपूर, कोराडी, परळी ही नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. १४.२ किलोचा सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो. लिटरभर पेट्रोलमागे २.३ किलो. इथं कुणीतरी हमखास विचारतं, पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग एवढं आलं कुठून? हवेतून. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन धरतो आणि वजनात मोठा वाटा त्या ऑक्सिजनचा असतो.

आता चौघांचं घर घ्या. महिन्याला १५० युनिट, वर्षाला आठ सिलिंडर, स्कूटरला महिन्याला दहा लिटर. बेरीज दोन टनांच्या आतच. त्याच घरातले आईबाबा मुलीच्या बाळंतपणाला लंडनला गेले, तर जाऊन-येऊन माणशी टनाच्या आसपास. म्हणजे घराचं अख्खं वर्ष एका प्रवासात! जाऊ नका असं मी म्हणणार नाही, नातवंडाचं तोंड बघायला कोण जाणार नाही? पण दोनदा जाण्यापेक्षा एकदाच जा आणि पोटभर राहून या.

खाण्यापिण्याचा हिशेब किचकट आणि भांडणाचा. तो आज सोडतो.

एसीचं मात्र सांगायलाच हवं. वीज किती खातो ते सगळे विचारतात, गॅसचं कुणी विचारत नाही. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, भरून जातो. अहो, गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो गळतो! आर-४१०ए हा गॅस किलोभर गळला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानं दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडकवतो. आर-३२ हा एसीतलाच दुसरा गॅस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तेव्हा आधी गळती शोधून जोड पक्का करायला लावा, गॅस नंतर. पैसेही वाचतील.

पंख्याचंही तसंच. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास फिरणारा पंखा बदलला, तर वर्षाला अडीचशेच्या आसपास युनिट वाचतात. जो दिवसभर फिरतो तो आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे.

आता एक रास्त शंका. वैयक्तिक कार्बनचा हिशेब लोकांत रुजवण्यात बीपी या तेलकंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्यानंच गिऱ्हाइकाला हिशेब शिकवावा, हे खटकणारच. शिवाय अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे चौदा टन आणि भारतीयामागे दोन. चाळीतल्या बाईनं दिवा मालवून ही दरी भरणार नाही. आजचं माझं बोलणं ज्यांच्या घरी एसी आणि पासपोर्ट दोन्ही आहे, त्यांच्याशी आहे.

सोसायटीतल्यांना सोलरचं विचारायचं असतं. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या घराला तीन किंवा जास्त किलोवॅट बसवले तर ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,०००. गच्ची कुणाची, यावरचं भांडण सर्वसाधारण सभेत आधी उरकून घ्या, कारण विक्रेता कोटेशन घेऊन आला की ते निघतंच.